बंदुकीवरचं नाव : ठसा, छाप की कोरीव?

माडाबुडीं : डिचोलीतल्या एका घरच्या जुन्या बंदुकांची यादी मराठीत करतोय. एक दुनळी, बारा बोअरची. चापाच्या वरच्या पट्टीवर कारखानदाराचं नाव आहे, नळ्यांच्या बुडाला लंबवर्तुळात 'ईएलजी' आणि वर मुकुट. दोन्हीकडे 'ठसा' लिहिलं. मालकांचे भाऊ म्हणाले, ठसा मेणावर उमटतो, पोलादावर नव्हे!

रिकामटेकडा_फोंडा : मग नाणी काय लोण्याची पाडतात? टांकसाळीत ठसाच म्हणतात. बाकी ईएलजी म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या, बंदुकीच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीघराची खूण. मुकुट 1893 नंतरचा, त्यामुळे बंदुकीचं वयही कळलं.

सोनारबाब : दोन्हीला एकच शब्द कसा चालेल? नाव कोरतात, म्हणजे कलमाने धातू काढून टाकतात. चाचणीची खूण पंचाने, म्हणजे टोकाला खूण असलेल्या पोलादी खिळ्याने ठोकतात, तिथे धातू निघत नाही, बाजूला सरकतो. घासून सपाट केलेलं नसेल तर कडेचा उंचवटा नखाला लागतो. आणि पट्टीवरचं कोरीवकाम पाणी देण्याआधीच उरकतात. हाडांच्या कोळशात भाजून विझवली की पृष्ठभाग असा कडक होतो की कलम घसरतं.

शुद्धमराठी : 'पंच' कशाला? 'मुद्रांकित' लिहा.

रिकामटेकडा_फोंडा : मुद्रांकित म्हटलं की मामलेदार कचेरीबाहेरचा स्टॅम्पपेपरवाला आठवतो.

माडाबुडीं : दुसरी अमेरिकन, विंचेस्टर. तिच्या नळीवरची सगळी अक्षरं एका खोलीची, एका मापाची.

सोनारबाब : ती उलटी अक्षरं असलेला रूळ दाबून फिरवून उठवलेली. हाताचं काम नव्हे. 'छाप' म्हणा हवं तर.

शुद्धमराठी : छाप कागदावर.

म्हापशेकरीण : काही बंदुकांवर नाव सोन्यात असतं ना? ती कोफ्तगिरी.

सोनारबाब : नाही हो बाई. कोफ्तगिरीत पृष्ठभाग खरबडून वर सोनं बसवतात. खोल खाचेत तार ठोकली तर तहनिशान.

शुद्धमराठी : दोन्ही फारसी! निदान 'काडतूस' तरी आपलं आहे. काडी अधिक तूस.

म्हापशेकरीण : तूस?? अहो, पोर्तुगीज 'कार्तूशु'! गोव्यात राहून हे सांगावं लागतं?

शुद्धमराठी : पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेला नसेल कशावरून?

माडाबुडीं : मंडळी, यादी सोमवारी द्यायची आहे. आणि तिच्यात काडतूस एकही नाही.

रिकामटेकडा_फोंडा : पिस्तूलही पोर्तुगीजच, बरं का.