सोसायटीचा पूल: पहिला खर्च जीवरक्षकावर की कुंपणावर?

सोसायटी सचिव, गंगापूर रोड (धागाकर्ता)
एप्रिल लागला की नाशकातल्या सोसायट्यांच्या सभांत एकच मागणी असते, जीवरक्षक ठेवा. माझं मत वेगळं आहे. पहिला पैसा कुंपण आणि दारावर लावा. जीवरक्षक पूल चालू असेल तेवढाच वेळ असतो. भर दुपारी पूल बंद असताना चार वर्षांचं पोर चेंडूमागे धावलं, तर त्याला अडवायला फक्त दार असतं. कुंपण किमान १२० सेंटिमीटर उंच हवं आणि गजांतली फट १० सेंटिमीटरच्या आत. बाहेरून आडव्या पट्ट्या नकोत, मुलं त्यावर पाय देऊन चढतात. दार पुलाच्या उलट दिशेला उघडणारं आणि आपोआप मिटणारं, खटका जमिनीपासून १४० सेंटिमीटरच्या आसपास.

पूल व्यवस्थापक, इंदिरानगर
साहेब, ही मापं बरोबर आहेत, पण क्रम मला पटत नाही. खुर्च्या न्यायला कोणीतरी दाराला वीट लावतं आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच राहते. मग त्या खटक्याचा काय उपयोग? शिवाय पूल चालू असताना, भरगर्दीतही माणूस बुडतो. बुडणारा ओरडत नाही, श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही. अंग उभं, डोकं मागे, हात पाणी खाली दाबत असतात. लहान मूल अर्ध्या मिनिटात तळाला जाऊ शकतं. शेजारच्या पालकांना वाटतं, खेळतोय. म्हणून नजर ठेवणारा माणूस हवाच, आणि त्याच्या गळ्यात झाडांना पाणी घालणं, पावती फाडणं बांधू नका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हे त्याच्या हातात बसलेलं असलं पाहिजे.

देखभाल कंत्राटदार, अंबड
तुम्ही दोघंही तळाची जाळी विसरलात. जुन्या पुलांत एकच मेन ड्रेन, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारं तळाचं तोंड, असतो. २० बाय २० ची जाळी म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. त्यावर अंग टेकलं की पाण्याची वाट बंद होते आणि पंपाची सगळी ओढ त्या अंगावर येते. चौरस सेंटिमीटरला पाव किलो ओढ धरली तरी १०० किलो झाले, जीवरक्षकालाही ओढून सुटणार नाही. उपाय: एकाच पाइपवर दोन ड्रेन, ९० सेंटिमीटर तरी अंतरावर, मध्ये व्हॉल्व्ह नको. झाकण फुगीर हवं आणि सगळे स्क्रू जागेवर. पंप बंद करायचं लाल बटण काठावर, पंपरूमला कुलूप असलं तरी हाताला येईल असं. एक स्क्रू गळालेला दिसला तर त्याच दिवशी पूल बंद.

सोसायटी सदस्य, पाथर्डी फाटा
जीवरक्षकाच्या बाजूने एक भर. पाणी दुधी असेल तर त्यालाही काही दिसणार नाही. काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पोहणं बंद, यात तडजोड नको. बोअरचं जड पाणी भरलं की पीएच (पाण्याची आम्लता मोजायचा आकडा) चढतो आणि क्लोरीन मंदावतं. पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, ठेवा. १० बाय ५ मीटरच्या, सरासरी १.२ मीटर खोल पुलात ६०,००० लिटर पाणी असतं. त्यात १ पीपीएम वाढवायला ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीन पावडर) साधारण ९० ग्रॅम लागतं. पावडर बादलीतल्या पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका. पीएच उतरवायच्या ॲसिडची बादली, माप, कपाट सगळं वेगळं. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

सोसायटी सचिव, गंगापूर रोड (धागाकर्ता)
अंबडकरांचं मान्य, जाळी कुंपणाच्या बरोबरीने धरतो. विटेवरही उत्तर आहे. दार उघडं राहिलं की अर्ध्या मिनिटात वाजणारा बझर बसवा. रोज सकाळी वॉचमनने दार वीतभर उघडून सोडायचं. हात न लावता खटका लागला नाही तर स्प्रिंग घट्ट करायची किंवा बिजागरी बदलायची, आणि तोवर साखळी-कुलूप.

पूल व्यवस्थापक, इंदिरानगर
बझर दार उघडं आहे एवढंच सांगेल, पाण्यात कोण आहे ते सांगणार नाही. दारासाठी थांबायचं असेल तर थांबू, पण जीवरक्षक नसलेल्या तासांना पूल चालू ठेवायला माझी संमती नाही.