नियम मागे घेतला तर लोक कच्चा समजतात, काय करावं?

भोसरीकर:
एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर सुपरवायझर झालोय, चार महिने झाले. आल्या आल्या नियम काढला की शिफ्ट आपसात बदलायची नाही, कारण आधी कोण कधी येणार पत्ताच नसायचा. मग पेरणीला दोन पोरं गावी निघाली, मी नाही म्हटलं तर सरळ खाडा केला आणि दोन मशीन बंद. शेवटी नियम फिरवला, आदल्या दिवशी फळ्यावर नाव लिहा आणि बदली माणूस तुम्हीच आणा. काम नीट चाललंय पण एक सिनियर सगळ्यांसमोर म्हणतो "साहेबांचा शब्द म्हणजे अळवावरचं पाणी". वडील पण म्हणतात एकदा बोललास की संपलं. चुकलो का?

गडभटक्या:
नाही रे. १६६५ चा पुरंदर आठव. मिर्झाराजे आणि दिलेरखान येऊन भिडलेले, वज्रगड गेला, मुरारबाजी पडले, अजून ताणलं असतं तर गडावर अडकलेली माणसं गेली असती. महाराजांनी तह केला, २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला. लोक तेवढंच सांगतात, पण राखलेले १२ कुठले ते बघ ना, राजधानीचा राजगड, तोरणा, रायगड! मनसब पण शंभूराजांच्या नावावर, स्वतः घेतली नाही. आणि १६७० ला फेब्रुवारीत सिंहगड, मार्चमध्ये पुरंदर परत. तुझा राजगड म्हणजे मशीनवर माणूस पाहिजे, तो सोडलास का? नाही ना.

श्रीवर्धनवाली:
दादा, शिफ्टच्या भांडणात थेट महाराज 😄
पण वाकलं की वाचलं हे मला तरी सरसकट पटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, एरवी वाऱ्यावर मस्त झुलणारी सुपारी वाडीत काड्यांसारखी मोडून पडली, घराकडे जायला कोयत्याने वाट काढावी लागली. भोसरीकर, मला वाटतं सिनियरला राग नियम बदलल्याचा नसेलच. तोंडाने सांगितलंत का कोणाला, की डायरेक्ट फळ्यावर? "माझं आधीचं चुकलं" एवढं म्हणालात?

लेथवाले काका:
तीस वर्षं मशीनवर काढली म्हणून सांगतो. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या पकडीत घट्टच पाहिजे, तिथे हयगय नाही. पण बेल्ट कोणी असा करकचून ताणतं का, थोडा दाबला जायलाच पाहिजे, नाहीतर बेअरिंग बसतं. ढिला ठेवला तर घसरतो ते वेगळं. आता तू ठरव शिफ्ट म्हणजे जॉब का बेल्ट.

भोसरीकर:
काका, बेल्ट 🙏 आणि ताई, नाही म्हणालो, नुसतं फळ्यावर लिहून केबिनमध्ये गेलो. उद्या सांगतो सगळ्यांना. फळा त्या सिनियरकडेच द्यावा म्हणतोय, बदली कोण ते तोच बघेल.

लेथवाले काका:
दे. पण सगळ्यांदेखत नको, आधी चहाला ने.