मदत हवी आहे: स्पॅनिश मुळाक्षरं शिकताना इंग्रजीची सवय आड येते

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. माझी भाची इंग्रजी माध्यमात नववीला आहे, तिला स्पॅनिश शिकायची फार ओढ आहे. इथे जवळपास क्लास नाही, म्हणून मावशी-भाची घरीच बसतो.

अक्षरं 27. इंग्रजीची 26 आणि वर एक 'एन्ये', त्याचा उच्चार साधारण 'न्य'. हे नवं अक्षर तिला लगेच जमलं. अडतं ते ओळखीच्या अक्षरांवर. एच दिसला की ती 'ह' म्हणते, तो तर मूक. जे दिसला की 'ज', तिथे हवा घशातून घासून येणारा 'ख'. बी आणि व्हीचा उच्चार एकच, हे तर तिला पटतच नाही.

उलट स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ असे सरळ. टी-डीसुद्धा आपल्या त-द सारखे दातांवरचे. म्हणून वाटतं, उच्चार देवनागरीतच लिहून द्यावेत. पण पुढे त्याची कुबडी होईल का?

दुसरं, झेड. स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सरळ 'स'. सुरुवातीला कोणता धरावा?

ज्यांनी शिकलं-शिकवलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.