चेल्सीनंतरचा शेवचेन्को

२००६ साली लंडनच्या चेल्सी क्लबमध्ये गेल्यावर युक्रेनचा स्ट्रायकर आंद्रिय शेवचेन्को संपलाच, हे मत क्लब फुटबॉलपुरते मला मान्य आहे, कारण मिलानकडून दोन हंगामांत प्रत्येकी २४ गोल करून सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरलेला आणि २००४चा बॅलन डी'ओर हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवणारा खेळाडू लंडनमध्ये क्वचितच दिसला. राष्ट्रीय संघाचा विचार केला, तर मात्र हे मत मला अपुरे वाटते.

२००९ मध्ये तो युक्रेनच्या राजधानीतील दिनामो कीव्ह या क्लबकडे परतला, आणि ११ जून २०१२ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याच शहरात युरो या युरोपातील राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेतील युक्रेनच्या पहिल्याच सामन्यात, इब्राहिमोविचच्या गोलमुळे स्वीडन पुढे गेलेले असताना, त्याने सात मिनिटांच्या अंतराने दोन हेडर मारून सामना २-१ असा जिंकून दिला. पहिला गोल सहकारी यार्मोलेन्कोच्या क्रॉसवर झाला, तर दुसरा कोनोप्लियांकाच्या कॉर्नरवर. वेग ओसरला होता, हे खरेच. पण बचावपटूच्या अर्धे पाऊल आधी चेंडूपर्यंत पोहोचण्याची त्याची जाण शाबूत होती, आणि माझ्या मते त्याचा खरा गुण तोच होता. युक्रेन पुढे गटसाखळीतच बाद झाला. त्यानंतर शेवचेन्कोने युक्रेनकडून १११ सामन्यांत ४८ गोलांवर निवृत्ती घेतली.