सेल्फ-क्लीननंतर ओव्हनचं दार लॉकच राहिलंय, उघडायचं कसं?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. घरात २४० व्होल्टची, काचेच्या टॉपची इलेक्ट्रिक रेंज (वर शेगड्या, खाली ओव्हन) आहे. काल रात्री तीन तासांचं सेल्फ-क्लीन (ओव्हन खूप तापवून आतली घाण जाळणारा प्रोग्रॅम) लावलं. ते पूर्ण झालं, ओव्हन आता गार आहे, पण दार उघडत नाही. 'क्लिअर' दाबलं की आतून पाच-सहा सेकंद घर्र असा आवाज येतो, मग थांबतो आणि एफने सुरू होणारा कोड दिसतो. ब्रेकर एकदा बंद-चालू करून झाला. जोराने ओढू का? मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

मीटरवाला
अजिबात ओढू नका. लॉकचा हूक वाकला की दार निघेल, पण परत कधी नीट लागणार नाही. शिवाय दारात काच आहे.

सेल्फ-क्लीनमध्ये आतलं तापमान ९०० अंश फॅरनहाइटच्या आसपास जातं, आणि ते साधारण ६०० च्या खाली उतरेपर्यंत बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) लॉक सोडत नाही. तुमचा ओव्हन गार आहे, म्हणजे हा भाग संपला. घर्र आवाज येतोय ही चांगली खूण: बोर्ड मोटरला सप्लाय देतोय आणि मोटर फिरतेय. तेव्हा एक तर हूक अडकलाय, नाहीतर 'उघडलं' हे बोर्डाला सांगणारा छोटा स्विच (मायक्रोस्विच) बोलत नाही.

आधी हे करा. ब्रेकर पूर्ण पाच मिनिटं बंद ठेवा. मग एकाने दाराच्या वरच्या कडेला, लॅचच्या समोर, तळहाताने आत दाबून धरायचं आणि दुसऱ्याने ब्रेकर चालू करायचा. अर्धा मिनिट हात काढू नका. गॅस्केटला (दाराभोवतीच्या सीलला) चरबी जळून चिकटलेली असते, ती दाराला बाहेर रेटते आणि सगळा ताण हूकवर येतो. दाबलं की हूक मोकळा होतो. बऱ्याच रेंजमध्ये वीज आल्या आल्या बोर्ड लॉक आपणहून उघड्या जागी नेतो, म्हणून वेळ साधायची.

नाहीच झालं तर ब्रेकर बंद करून, कपड्यांच्या हँगरची तार टोकाला वाकवून दार आणि चौकटीच्या फटीतून हूक बाजूला सारता येतो. टॉर्च मारून हूक कुठल्या बाजूला सरकतो ते आधी पाहा. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, इनॅमलचा टवका उडतो आणि तिथून गंज धरतो.

एडिसनकर
दुसऱ्या खेपेला दाबून धरल्यावर उघडलं! पण कोड गेला नाही आणि बेक चालू होत नाही.

रेंजदुरुस्ती
आता मोजायला घ्या. कोडचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीवरून लावू नका, त्याच कोडचा अर्थ प्रत्येकीकडे वेगळा असतो. तुमच्या मॉडेलचा तांत्रिक कागद बहुधा रेंजमध्येच असतो, खालच्या ड्रॉवरमागे किंवा मागच्या पत्र्याच्या आत घडी घालून.

ब्रेकर बंद. रेंजला दोन 'हॉट', म्हणजे वीज असलेल्या तारा असतात, म्हणून मागच्या टर्मिनल ब्लॉकवर दोन्हींमध्ये आणि प्रत्येकीची न्यूट्रलशी, तिन्ही मापं शून्य आल्याशिवाय हात घालू नका.

पहिला तापमानाचा सेन्सर, कारण तो खोटं बोलला तर लॉकवर उगाच आळ येतो. खोलीच्या तापमानाला १०८० ते ११०० ओम हवेत. दर अंश फॅरनहाइटला साधारण २ ओम वाढतात. म्हणजे कनेक्टर काळा पडून १०० ओम जादा आले, तर बोर्डाला ओव्हन ५० अंश जास्त गरम वाटतो. कनेक्टर पूर्ण सैल असेल तर गार ओव्हनसुद्धा तापलेला दिसतो.

मग मोटरची कॉइल: काही शे ते तीनेक हजार ओम चालतील, ओपन (तार तुटल्यासारखं, अनंत ओम) नको. शेवटी कॅमशेजारचे (मोटरने फिरणाऱ्या, लॉक सरकवणाऱ्या चकतीशेजारचे) दोन स्विच. त्यांच्या तारा काढून घ्या, नॉब बोटाने दाबा-सोडा. रीडिंग ओपन आणि जवळजवळ शून्य ओम यांत स्वच्छ बदललं पाहिजे. मधलंच, नाचणारं रीडिंग आलं तर स्विच गेला.

एडिसनकर
सेन्सर १०८८. मोटर २३००. 'लॉक'चा स्विच ठीक. 'अनलॉक'चा दाबला काय, सोडला काय, ओपनच.

रेंजदुरुस्ती
मग तोच. नुसता स्विच मिळाला तरी पूर्ण लॉक असेंब्ली घ्या. त्या उष्णतेत स्विचचं प्लास्टिक आणि कॅम दोन्ही थकलेले असतात, वर्षभरात परत उघडावं लागेल. पार्ट मागवताना पाटीवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट द्या, कारण त्यांच्यावरूनच पार्ट बदलतो.

तारा काढण्याआधी फोटो काढा. एखादं टर्मिनल जळकं असेल तर उष्णतारोधक तार आणि तसंच क्रिंप (तारेवर दाबून बसवायचं टोक) वापरा. साधी पीव्हीसी तार तिथे वितळते. नवी असेंब्ली बसवताना कॅम 'उघडा' स्थितीत हवा. सगळं लागल्यावर दार बंद करून सेल्फ-क्लीन सुरू करा, लॉक लागल्याचा आवाज आला की मिनिटाच्या आत रद्द करा. दोन्ही बाजूंनी लॉक फिरलं की काम झालं.

रेंज भिंतीला सरकवताना मागचा पाय अँटी-टिप ब्रॅकेटमध्ये अडकलाय ना, हे नक्की पाहा. उघड्या दारावर मूल उभं राहिलं तर रेंज पुढे कलंडते, म्हणून तो ब्रॅकेट असतो.

सुगरण_ऑस्टिन
एक भर घालते, एडिसनकर. पुढच्या वेळी आधी रॅक बाहेर काढा, त्यांची चकाकी जाते आणि मग त्या सरकत नाहीत. तळाला सांडलेलं तूप-तेल ओल्या फडक्याने पुसा, त्याचाच सगळा धूर होतो. गॅस्केट मात्र घासू नका, आणि त्याला ओव्हन क्लीनर लावू नका. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर सेल्फ-क्लीनच्या वेळी त्यांना दुसऱ्या घरी ठेवा, त्या धुरात पक्षी दगावतात. आणि पाहुणे यायच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी हे लावू नका. दोन आठवडे आधी लावलं तर लॉक बिघडला तरी पार्ट यायला वेळ मिळतो.