आई-बाबांना घेऊन नॅशनल फॉरेस्टमधल्या शंभर वर्षं जुन्या केबिनमध्ये राहावं का? (ऑलिंपिक, वॉशिंग्टन राज्य)

बेलव्ह्यूची_सून

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा (माझे) एप्रिलमध्ये साताऱ्याहून येतायत, तीन महिने आहेत. मागच्या खेपेला नेहमीचं सगळं झालं, स्पेस नीडल, पाइक प्लेस, रेनिअर, लेव्हनवर्थ आणि आठवड्याला एकदा कॉस्को (घाऊक मालाचं भलंमोठं दुकान), बाबांना खरं तर कॉस्कोच जास्त आवडलं. या वेळी जरा वेगळं काहीतरी करावं म्हणून नवऱ्याने ऑलिंपिक नॅशनल फॉरेस्टमधली इंटेरोरेम नावाची केबिन शोधून काढलीय, १९०७ सालची, फॉरेस्ट सर्व्हिस (इथलं सरकारी वनखातं) भाड्याने देते. फोटो बघून मी एकदम फिदा, लाकडी ओंडक्यांची भिंत, पिरॅमिडसारखं छप्पर, पुढे ओटी. मग खालची माहिती वाचली आणि सगळा उत्साह गेला, म्हणजे संडास बाहेर, वीज नाही, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, जाताना केर काढून जायचं वगैरे. बाबा ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आई ६६, ठणठणीत, पण रात्री दोनदा उठते. नवरा म्हणतो तुझे बाबा गावाकडे वाढलेत त्यांना काय होतंय. मला खात्री नाही. कोणी राहिलंय का अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन?

---

डकाबुश_वारकरी

आम्ही त्याच केबिनमध्ये दोनदा राहिलोय म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, तारीख आधी धरा आणि मग विचार करत बसा, कारण रिक्रिएशन डॉट गव्हवर (सरकारची बुकिंगची साइट) सहा महिने आधी बुकिंग उघडतं आणि सकाळी ७ ला लॉगिन करून बसलात तरच शनिवार मिळतो. नाही मिळाला तर त्याच साइटवर अलर्ट लावून ठेवा, लोक आयत्या वेळी रद्द करतात, आम्हाला दुसरी खेप तशीच मिळाली. मधल्या वारी मात्र पुष्कळदा मोकळी असते आणि तुमचे आईबाबा काय, रिटायर्डच आहेत, त्यांना शनिवार काय नि मंगळवार काय, सुट्टी तुम्हालाच काढावी लागेल.

जागेबद्दल सांगतो. ऑलिंपिक द्वीपकल्पावरचं फॉरेस्ट सर्व्हिसचं सगळ्यात जुनं राहतं घर हे. एमरी फिंच नावाच्या रेंजरने (वनखात्याचा अधिकारी) बांधलं आणि १९०८ मध्ये नवी बायको घेऊन तिथे राहायला आला. फॉरेस्ट सर्व्हिस ही संस्थाच मुळात १९०५ ची, म्हणजे खातं तीन वर्षांचं आणि त्याचा इथला कारभार या एका झोपडीतून. आपल्याकडे मेळघाटात वगैरे इंग्रजांच्या वेळची वनखात्याची विश्रामगृहं आहेत ना, तो प्रकार डोळ्यासमोर आणू नका, ते साहेबाच्या मुक्कामासाठी, खानसामा असायचा. हे म्हणजे आपल्या फॉरेस्ट गार्डची चौकी. साल सोललेले अख्खे ओंडके एकावर एक, आत शिरल्यावर लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास. नंतर १९३० च्या मंदीत सीसीसीची पोरं (सरकारने बेकार तरुणांना जंगलात कामाला लावलं होतं ती योजना, १९३३ ते ४२) इथे असायची.

गाडी दारापर्यंत जाते हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. १०१ हायवेवरून ब्रिनन गावाच्या जरा दक्षिणेला डकाबुश नदीच्या काठाने आत वळायचं, साधारण चार मैल, आमची साधी सेदान आरामात गेली. एडमंड्सवरून किंग्स्टनची फेरी, मग हूड कनालचा (नाव कनाल, पण आहे समुद्राची खाडी) तरंगता पूल. तो पूल मधूनच उघडतो, पाणबुड्या जातात नौदलाच्या, आम्ही पाऊण तास अडकलो होतो पण पाणबुडी दिसल्यावर माझ्या पोरांनी ती पूर्ण ट्रिप त्याच विषयावर काढली.

---

ओरेगनचा_अण्णा

वरच्यांनी छान छान सांगितलं, मी उंदरांचं सांगतो 😄

ही केबिन नव्हे, आम्ही ओरेगनमधल्या एका जुन्या गार्ड स्टेशनला (वनखात्याची चौकी, आता भाड्याने देतात) गेलो होतो, नाव नाही घेत. रात्री बायकोने पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला, प्लास्टिकचा, झाकण टाइट. सकाळी डब्याच्या कोपऱ्याला बरोब्बर चार आण्याच्या नाण्याएवढं भोक आणि एक लाडू अर्धा, कुरतडलेला नव्हे, व्यवस्थित गोल खाल्लेला. सासूबाईंनी मुंबईहून पाठवलेले होते ते. हसू येतं आता, पण तेव्हा सगळे लाडू फेकले कारण तिकडच्या डिअर माऊस जातीच्या उंदरांच्या लेंडी-मुतातून हंटाव्हायरस होतो, क्वचित होतो पण झाला तर फुफ्फुसावर जातो आणि माणूस वाचेलच असं नाही.

त्यामुळे आत गेल्या गेल्या झाडू हातात घेऊ नका!! आपल्या बायकांना (आणि माझ्या आईला तर हमखास) नव्या जागी गेलं की पहिलं झाडायचं असतं. कोरडं झाडलं की तीच धूळ नाकात. आधी दारं-खिडक्या सताड उघडून अर्धा तास बाहेर चहा प्या. लेंड्या दिसल्या तर ग्लोव्हज घालून ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, भिजेपर्यंत मारा, पाच मिनिटं थांबा, पेपर टॉवेलने टिपून पिशवीत बांधा. मग ओल्या फडक्याने पुसा. आईला हे फोनवर आधीच सांगा, तिथे गेल्यावर ऐकणार नाही.

आणि खाणं सगळं स्टीलच्या डब्यात किंवा गाडीत. त्या भागात अस्वलंही आहेत, काळी, ग्रिझली नाहीत, तरी गाडीच बरी.

---

गुडघेदुखी_क्लब

मला जरा वेगळं वाटतं. "गावाकडे वाढलेत त्यांना काय होतंय" हे माझ्याही नवऱ्याचं आवडतं वाक्य. माझे सासरे कोल्हापूरजवळच्या खेड्यातले, त्यांना आम्ही हौसेने अशाच एका केबिनमध्ये नेलं, वॉशिंग्टनमधल्याच दुसऱ्या. ते शांतपणे म्हणाले, कंदिलातनं बाहेर पडायला मला तीस वर्षं लागली आणि तू पैसे भरून परत तिथंच घेऊन आलास होय. रागाने नाही म्हणाले, पण म्हणाले. लहानपणी चुलीच्या धुरात राहिलेला माणूस म्हातारपणी चूल बघून खूश होईलच असं नसतं. विचारा त्यांना, सरप्राइज देऊ नका.

संडासाचं मात्र उगाच घाबरताय. उकिडवं बसायचं नसतं, कमोडच असतो, खाली काँक्रीटची टाकी, ट्रक येऊन उपसतो. वरून काळा पाइप जातो तो उन्हाने तापतो आणि हवा वर ओढली जाते, म्हणून झाकण आणि दार लावून ठेवायचं, मग वास बराच कमी. आमच्या गावच्या एसटी स्टँडपेक्षा हजारपट स्वच्छ. गुडघ्याला त्रास बसण्याउठण्याचा नाही, त्रास आहे रात्री दोन वाजता पायऱ्या उतरून ओल्या मुळांवरून चालत जाण्याचा. दोघांना दोन हेडलॅम्प घ्या, एक काठी, आणि येताना-जाताना दिसेल असा एक छोटा सोलर दिवा वाटेत ठेवा. नाहीतर सरळ आईसाठी झाकणाची बादली. आमच्याकडे शेवटी तेच झालं.

---

बेलव्ह्यूची_सून

बापरे, सगळ्यांना थँक्यू. अण्णा, झाडूचं वाचून मी मोठ्याने हसले कारण आई शंभर टक्के तेच करणार. बाबांना व्हिडिओ कॉलवर विचारलं. ते म्हणाले "गरम पाणी आहे का". नाही म्हटल्यावर "बरं, बघू". हे बघू म्हणजे काय ते मला चाळीस वर्षं कळलेलं नाही.

अजून दोन प्रश्न. एक, थंडी? मेमधली तारीख मिळतेय. दोन, कुकर नेऊ का? आईला भात कुकरचाच लागतो. आणि माझा भाऊ म्हणतो आग-बिग बघणारे टॉवर असतात तसल्याला जा त्यापेक्षा, व्ह्यू भारी.

---

डकाबुश_वारकरी

टॉवर नको!! हायवे २ वरचा हेब्रूकचा टॉवर सुंदर आहे पण ६७ फूट उंच, नुसत्या जिन्याने, आणि तिथवर चढत चालत जायचं ते वेगळंच. तुमच्या बाबांना नाही. तुम्ही दोघं जा कधीतरी. साधारण चौदा बाय चौदा फुटांची खोली, चारही बाजूंनी काच, जुन्या टॉवरांमध्ये मधोमध आग शोधायचं यंत्र असतं, ऑसबोर्न फाइंडर म्हणतात, नकाशाची गोल तबकडी आणि त्यावर नेम धरायची पट्टी, धूर दिसला की कोन मोजून फोनवर कळवायचं. आणि विजा चमकायला लागल्या की पायांना काचा लावलेल्या छोट्या स्टुलावर उभं राहायचं, म्हणजे विजेचा झटका बसू नये! ती नोकरी लोक अख्खा उन्हाळा एकटे करायचे.

मेमध्ये रात्री थंडी असतेच आणि पाऊस गृहीतच धरा. शेगडी, कोळसे, कॅम्पिंगचा गॅस यातलं काहीही ऊब यावी म्हणून खोलीत लावायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसं गेलीयत. केबिनमध्ये जे काही दिलेलं असेल तेवढंच वापरा, आणि काय दिलंय ते त्या केबिनच्या पानावर शब्द न शब्द वाचा, प्रत्येकीचं वेगळं असतं, हामा हामाचं (इथलीच दुसरी भाड्याची केबिन) बघून इंटेरोरेमचा अंदाज करू नका. सरपण तिथलंच जवळपास विकत घ्या, घरून नेऊ नका, लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात.

कुकर खुशाल न्या. आमच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा ट्रेलवरून परत येणारं एक अमेरिकन जोडपं जागच्या जागी थांबलं, त्यांना वाटलं कोणीतरी मदतीसाठी शिट्टी मारतंय. मग दोघंही पिठलं-भात खाऊनच गेले.

---

कालवंवाला_मालवणी

जेवणाचा विषय निघालाच आहे तर, हूड कनालला जाऊन कालवं न खाता येणं म्हणजे मालवणला जाऊन पोळी-भाजी खाण्यासारखं आहे. ब्रिननलाच डोसवॉलिप्स स्टेट पार्क, ओहोटीला किनाऱ्यावर ऑयस्टर नुसते पसरलेले असतात. लायसन्स लागतं, १५ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, आणि माणशी दिवसाला १८. आणि निघायच्या आधी राज्याच्या आरोग्य खात्याचा नकाशा बघायचाच, विषारी शेवाळ असलं की किनारा बंद असतो आणि ते विष शिजवून जात नाही.

एक नियम मला फार आवडतो, कालव तिथेच फोडायचं, आतलं मांस न्यायचं आणि शिंपला तिथेच टाकायचा, कारण नवीन पिल्लं जुन्या शिंपल्यांनाच चिकटून वाढतात. आमची आजी कोयतीने खडकावरच कालवं फोडायची, शिंपला खडकालाच राहायचा, तिला कोणी नियम सांगितला नव्हता. (सातारकर खातात का पण? 😛)

---

बेलव्ह्यूची_सून

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, आई-बाबा गेल्या आठवड्यात परत गेले.

आईला वेड्यासारखं आवडलं. झाडू मी गाडीतच लपवला होता तरी तिने तिथला शोधला, दारातच अडवली. मग तिने एकेक ओंडका हात फिरवून बघितला, कुठे कुऱ्हाडीची खूण आहे, कुठे गाठ आहे, आणि त्या फिंचच्या बायकोबद्दल दोन दिवस बोलत होती. पाणी कुठून आणत असेल, बाळंतपणाला कुठे गेली असेल, शेजार कोण. मला यातलं काही सुचलंसुद्धा नव्हतं.

बाबा, खरं सांगायचं तर, कंटाळले. पहिल्या रात्री गारठ्यात बाहेर जाऊन आल्यावर साडेतीनला गाडीत जाऊन हीटर लावून बसले, आम्ही शोधतोय. दुसऱ्या दिवशी मात्र केबिनजवळूनच रेंजर होलची पायवाट निघते, मैलाच्याही आत आहे, तिथे जायला स्वतःहून तयार झाले. तो रेंजर मासे धरायला जायचा तो डोह. शेवटचा उतार खडा आहे म्हणून नवऱ्याने त्यांना वरच बसवलं, ते ऐकून घेतलं आणि आम्ही खाली पोचून वर बघतो तर बाबा काठी टेकत निम्म्यात आलेले. ओरडा खाल्ला माझा. पण नंतर विचारलं परत याल का, तर म्हणाले घरी गरम पाणी आहे ना, मग.

कालवं फक्त नवऱ्याने खाल्ली. सातारकर नाही खात हो.

---

गुडघेदुखी_क्लब

साडेतीनला गाडीत 😂 काका ग्रेट आहेत. आम्हीही सप्टेंबरमध्ये विचार करतोय, चौघांना पाणी किती न्यायचं?

---

बेलव्ह्यूची_सून

आम्ही घरून सात गॅलनचा एक कॅन नेला होता, दुसऱ्या दिवशी दुपारीच संपला. आईने भांडी साताऱ्यासारखी घासली. दोन न्या, आणि नळाचा कॅन घ्या, ओतायचा नको.