वैद्यकीय इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब्ज पाठ होतात, पण ऐकताना निसटतात

नवी_परिचारिका :
नमस्कार. मी ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करते आहे. आजारांची, औषधांची नावं येतात, कॉलेजात तेच शिकलो. अडतं ते लिसनिंगच्या पहिल्या भागात. पेशंट साध्या बोलीत सांगत जातो आणि आपण नोट्समधल्या 24 रिकाम्या जागा भरायच्या. त्यात 'कम ऑन', 'कम टू', 'कम राउंड', 'कम डाउन विथ' असे फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडला की अर्थ बदलणारे प्रयोग, आले की गोंधळ उडतो. याद्या पाठ करते, पण सगळं एकमेकांत मिसळतं. कसं शिकावं? आणि रेफरल लेटरमध्ये, म्हणजे पेशंटला दुसऱ्याकडे पाठवतानाच्या पत्रात, हे शब्द चालतात का?

रात्रपाळी :
क्रियापदावरून केलेल्या याद्या आधी बाजूला ठेव. कुठलाही पेशंट 'कम'चे सगळे प्रकार ओळीने बोलत नाही. तू हिस्टरी, म्हणजे पेशंटच्या त्रासाची माहिती, ज्या क्रमाने घेतेस, त्या क्रमाने शब्द लाव. दुखण्याबद्दल काय काय विचारायचं ते लक्षात ठेवायचा आद्याक्षरांचा शब्द, 'सॉक्रेटिस', तुला येतच असेल. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाखाली पेशंटच्या तोंडचं उत्तर लिही. सुरुवात विचारली की 'इट केम ऑन सडनली'. वेळ विचारली की 'इट कम्स अँड गोज'. कशाने सुरू होतं, तिथे 'ब्रिंग ऑन'. छातीत दुखणारा माणूस 'क्लाइंबिंग स्टेअर्स ब्रिंग्ज इट ऑन' म्हणाला, तर ते ऐकताक्षणी पुढचे प्रश्न तुझ्या ओठांवर यायला हवेत, म्हणून नव्या मुलींना मी याच क्रियापदावर सगळ्यात जास्त वेळ थांबवते. दुखणं ओसरतं ते 'इझेस ऑफ', गोळीचा किंवा भुलीचा असर उतरतो तो 'वेअर्स ऑफ', आणि दबलेला जुना आजार पुन्हा उसळतो तो 'फ्लेअर्स अप'.

तुझे चार 'कम' बघ. 'कम ऑन' वर आलंच. 'कम टू' आणि 'कम राउंड' दोन्ही शुद्धीवर येणं. भुलीनंतर 'कम राउंड' जास्त ऐकू येतं. 'कम डाउन विथ' सर्दी, फ्लूसारख्या आजारांसाठी, हाड मोडल्यावर नाही.

'पास'कडे मात्र फार लक्ष दे. 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं, 'पास अवे' म्हणजे निधन. 'पास ऑन' म्हणजे संसर्ग दुसऱ्याला देणं, आणि काही जण निधनासाठीही तेच वापरतात. म्हणूनच नातेवाइकांना मृत्यूची बातमी देताना सरळ 'डाइड' म्हणावं. कठोर वाटतं, पण त्या क्षणी समोरच्याच्या मनात शंका उरू नये.

लेखनिका :
पत्रापुरतं सांगते. 'थ्रू अप' नको, 'व्हॉमिटेड' लिही. 'पास्ड आउट' नको, 'लॉस्ट कॉन्शसनेस' लिही. 'रूल आउट' आणि 'फॉलो अप' डॉक्टर स्वतः लिहितात, ते खुशाल चालतात. स्पीकिंगमध्ये उलट: तिथे पेशंटच्या भाषेत बोल. दारूबद्दल विचारायच्या 'केज' प्रश्नावलीतला 'सी' हा 'कट डाउन'चाच आहे. तो कमी करण्याबद्दल आहे. पूर्ण बंद करायला 'कट आउट'. सल्ला देताना या दोघांची अदलाबदल झाली तर सल्लाच बदलतो.

नवी_परिचारिका :
मनापासून आभार. आजच हिस्टरीच्या क्रमाने वही लावायला घेते. ताई, एक राहिलं. 'आय कान्ट कीप एनीथिंग डाउन' आणि 'आय हॅव गॉन ऑफ माय फूड' एकच का?

रात्रपाळी :
नाही. पहिल्यात खाल्लेलं पोटात ठरत नाही, उलटून पडतं. लगेच विचार की पाणी तरी राहतं का, लघवी होते का. दुसऱ्यात खायची इच्छाच गेली आहे. तिथे विचार कधीपासून, आणि वजन उतरलं का. आणि 'गो ऑफ'वरून आठवलं, मॉनिटरचा अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे तो वाजायला लागला. बंद पडला असं समजून बसून राहू नकोस.